बंदूक कुलपात, लेकरू अंगणात

तेल्हाऱ्यात भाड्याची खोली पाहायला गेले, तेव्हा घरमालकांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, तुमच्याजवळ बंदूक हाय का?"

मी अमरावतीहून बदली होऊन आलेली, हायस्कुलात मराठी शिकवणारी बाई. माझ्याजवळ एक बॅग, एक घडीची खाट आणि आईनं दिलेली लोणच्याची बरणी होती. मी बरणी घट्ट धरून नाही म्हणाले.

"काडतूस?"

"नाही."

"घरात कोनाच्या नावानं परवाना? काका, मामा, आजोबा?"

"नाही हो."

"मंग खोली तुमची," ते म्हणाले, आणि लगेच मूठ तोंडासमोर धरून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू झाले, "लक्ष द्या, लक्ष द्या. स्वयंपाकघरातील काकूंनी दोन कप चहा घेऊन पुढील खोलीत यावे. दोन कप चहा, पुढील खोली."

आतून काकू ओरडल्या, "दूध फाटलं हाय!"

"चहाची फेरी रद्द करण्यात आली आहे," ते तितक्याच गंभीरपणे म्हणाले. "होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

घरमालकांना सगळे काकाजी म्हणायचे. त्यांची सगळी नोकरी अकोल्याच्या बसस्थानकावर गाड्या पुकारण्यात गेली होती. अकोट, तेल्हारा, शेगाव, अमरावती ही नावं त्यांनी इतक्या वेळा घेतली होती की झोपेतही ते कुठली तरी गाडी फलाटाला लावत असत, असं काकू सांगायच्या. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा माइक अकोल्यात राहिला, आवाज सोबत आला. मूठ तोंडाशी गेली की शुद्ध मराठी, खाली आली की वऱ्हाडी. नळाला पाणी आलं की गल्लीला कळे. भाजी अळणी झाली की तेही गल्लीला कळे. गावानं त्यांचं नाव "लक्षद्या" ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

हळू बोलणं मात्र त्यांना जमत नसे. एकदा शाळेतून येताना माझी चप्पल तुटली, तर मी वळणावर असतानाच त्यांनी ओट्यावरून पुकारा केला, "मॅडम एका चपलेवर येत आहेत. मोची काकांनी उठून बसावे." मोची काका खरंच उठून बसले.

त्यांच्या घरात एक खोली कायम बंद असायची. दाराला कुलूप, आत लोखंडी कपाट, कपाटाला कुलूप, कपाटात बंदूक. काडतुसं त्या कपाटात नव्हती. ती दुसऱ्या खोलीतल्या पेटीत होती आणि त्या पेटीलाही कुलूप होतं. बंदूक त्यांच्या वडलांच्या वेळची, बारा बोरची, दोन नळ्यांची. सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचं वावर. तिथं रानडुकरं येतात, रोही म्हणजे नीलगाई येतात, उभा हरभरा लोळवून जातात. म्हणून शेतीच्या राखणीसाठी परवाना. वडील गेल्यावर काकाजींनी रीतसर अर्ज करून तो स्वतःच्या नावावर घेतला होता. नेमाच्या बाबतीत मात्र वडलांचं काही त्यांच्यात उतरलं नव्हतं. आयुष्यात एकदाच त्यांनी डुकरावर बार टाकला आणि स्वतःचा पाण्याचा पाइप फोडला.

"अन् डुक्कर?" मी विचारलं होतं.

"थे पानी पिऊन गेलं."

ही इतकी कुलपं कशासाठी, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी टीव्हीची गोष्ट सांगितली. पूर्वी बंदूक बैठकीत खुंटीला टांगलेली असे, कॅलेंडरच्या बाजूला. एक दिवस ती पडली आणि बार उडाला. "मॅडम, टीव्हीत सासू सुनेले फाडफाड बोलून राहिली होती. धाड! सासू गप. त्या साऱ्या मालिकेत थेवढी एकच चांगली गोष्ट झाली पाहा." आणि ते इतके हसले की मीही हसले.

तीच गोष्ट पुढं काकूंनी सांगितली. आम्ही ओट्यावर मेथी निवडत होतो.

"दिवाळीची झाडझूड चालू होती, पोरी. हे वावरातून आले, बंदूक टांगली, काडतूस काढलंच नाही. म्या जाळे काढाले झाडू फिरवला अन् पट्टा निसटला. नात टीव्हीपुढं पाटावर बसली होती. खायाले जांब पायजे म्हून उठून माह्यामागं आली होती. तेवढ्यात झालं." त्यांनी मेथीची एक काडी मोडली. "टीव्हीचं काय घेऊन बसले हे. पाट फुटला. ती जिथं बसली होती ना, थो पाट."

लेकीनं त्याच दुपारी मुलीला कडेवर घेतलं आणि ती चांदूर रेल्वेला सासरी निघून गेली. जाताना म्हणाली, जोवर ही वस्तू घरात आहे तोवर माझी पोरगी या घरात येणार नाही. त्यानंतर ती खरंच आली नव्हती. नात फोनवर दिसायची. काकाजी दर रविवारी तिला फोनवरून काऊ-चिऊ पुकारून दाखवायचे आणि मग लेकीला नवीन कुलूप दाखवायचे.

"हे पाय, हे अलिगडी हाय. हत्ती बांधला तरी तुटनार नाही."

लेक शांतपणे विचारायची, "बाबा, कुलपाले किल्ली असते ना?"

काकाजी ते कुलूप पुन्हा कागदात गुंडाळून ठेवायचे. बापाची वस्तू मोडीत काढायला मन होत नव्हतं आणि लेकीला पटेल असं कुलूप बाजारात मिळत नव्हतं. तेव्हापासून त्यांचं किल्ल्यांशी वैर सुरू झालं. सगळ्या जोडकिल्ल्या त्यांनी नेऊन वावरातल्या विहिरीत टाकल्या. "दुसरी किल्ली म्हंजे दुसरा चोर," असं ते म्हणायचे. उरलेल्या एकेका किल्लीची जागा ते सारखी बदलत. आज गव्हाच्या कोठीत, उद्या घड्याळामागं, परवा काकूंच्या शिवणयंत्रात. एकदा एक किल्ली माझ्या लोणच्याच्या बरणीखाली सापडली. मी ती परत द्यायला गेले, तर ते रागावले. "सांगितलं कायले? आता जागा बदलनं आली."

अशा माणसाच्या हाती खरा माइक कसा आला, ते सांगते.

आमच्या ठाण्याला नवे ठाणेदार आले होते, साताऱ्याकडचे. लग्नसराई तोंडावर आलेली. वरातीत हौसेनं बार काढतात, घरोघरी बंदुका खुंटीला असतात, म्हणून त्यांनी तालुक्यातल्या सगळ्या परवानाधारकांना बोलावून सुरक्षेची सभा घेतली. ते कागदावरून वाचू लागले. "शस्त्र अधिनियमातील तरतुदींअन्वये अनुज्ञप्तीधारकाने..." पंखा फिरत होता. निम्मी सभा झोपली. पुढच्या रांगेतला एक जण घोरायला लागला, तसे काकाजी उभे राहिले आणि मूठ तोंडाशी नेली.

"लक्ष द्या, लक्ष द्या! बंदूकधारक प्रवाशांनी जागे व्हावे!"

सभागृह दचकून जागं झालं. ठाणेदारांचा हात कमरेच्या पिस्तुलाकडे गेला होता, असं लोक सांगतात. मग काकाजींनी त्या कागदावरचा सगळा मजकूर गाड्यांच्या चालीत सांगून टाकला. घरी आल्यावर बंदूक उघडा, काडतूस काढा, नळीतून पलीकडचा उजेड दिसतो का पाहा. बंदूक एका कुलपात, काडतूस दुसऱ्या कुलपात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ठाणेदारांनी कागदाची घडी केली आणि दुसऱ्या दिवसापासून काकाजींना एक ऑटो, एक भोंगा आणि एक माइक मिळाला.

मजकूर तपासायला मला धरलं. शुद्धलेखनापुरतं, असं सांगून मी गेले, पण शुद्धलेखन राहिलं बाजूला. त्यांनी स्वतःच घोषवाक्यं करून आणली होती. "बंदूक कुलपात, लेकरू अंगणात." "काडतूस वेगळं, घर सगळं." आणि लग्नसराईसाठी खास, "नवरदेव बसले घोड्यावर, मामाचं बोट नको घोड्यावर." पहिला घोडा लग्नाचा, दुसरा बंदुकीचा. हे समजावून सांगताना त्यांना स्वतःलाच इतकं हसू येई की ऑटो थांबवावा लागे.

आठवडी बाजारात आमचा ऑटो उभा राहिला की गर्दी व्हायची. "आपली परवान्याची बंदूक साळ्याला देऊ नये. साळा रुसला तर मोटरसायकल द्यावी. बंदूक देऊ नये. ज्याचा परवाना, त्याच्याच हाती बंदूक." एखादा साळा तिथंच उभा असला तर तो खाली पाहायचा आणि त्याची बहीण हसायची.

एका बाजारात एक म्हातारी ऑटोजवळ आली. पदर तोंडाला लावून हळूच म्हणाली, "बापू, माह्या बुढ्याची बंदूक तुरीच्या कोठीत हाय. बुढा गेला. म्या भेवानं कोनाले सांगितलं नाही. मले धरतीन का?"

काकाजींना तिचा कळवळा आला आणि कळवळा आला की त्यांचा आवाज आणखी चढायचा. "लक्ष द्या! तुरीच्या कोठीत बंदूक ठेवणाऱ्या आजीबाईंना कोणीही धरणार नाही! घरातील परवानाधारक वारले असतील तर बंदूक ठाण्यात जमा करावी, वारसाला पाहिजे असेल तर त्याने रीतसर अर्ज करावा. आजीबाईंनी घाबरू नये!"

"अरे भोंग्या," म्हातारी किंचाळली, "साऱ्या बाजाराले कायले सांगतं!"

दुसऱ्या दिवशी ते तिला स्वतः ठाण्यात घेऊन गेले. तिला कुणी धरलं नाही, उलट चहा दिला. ते ऐकून आणखी दोघातिघांच्या कोठ्यांतून आणि माळ्यांवरून बंदुका खाली आल्या. पण म्हातारी काकाजींशी पुन्हा बोलली नाही. बाजारात ते दिसले की ती वांग्यांच्या ढिगामागं जाऊन बसायची.

मग ते लग्न आलं.

नवरीकडचे लोक आमच्या गल्लीतले, म्हणून आम्हा सगळ्यांना आमंत्रण. नवरदेवाचे मामा तालुक्यातले मोठे बागायतदार. पांढरे कपडे, पांढरी जीप, आणि खांद्यावर बंदूक. बंदुकीला झेंडूचा हार घातलेला. उन्हं उतरता उतरता वरात दारापाशी आली. बँड जोरात, पोरं नाचत होती, आणि नवरीच्या घराची गच्ची बायकालेकरांनी भरून गेली होती. मामांनी खिशातून काडतुसं काढून बंदुकीत भरली.

काकाजी माझ्या शेजारून कधी गेले कळलं नाही. दिसले ते बँडच्या गाडीवर, गाणाऱ्याच्या हातातला माइक घेताना.

"लक्ष द्या, लक्ष द्या. नवरदेव बसले घोड्यावर, मामाचं बोट नको घोड्यावर."

वरात हसली. मामा हसले नाहीत. "कोन हाय रे थो? उतरवा त्याले. आमच्या घरची रीत हाय, वरात दारात आली का बार होते."

"वर पाहा जी, मामासाहेब," काकाजी माइकवरूनच म्हणाले. "गच्चीवर लेकरं हायेत."

"म्या हवेत मारून राहिलो!"

"हवेतलं खाली कुठं येते थे सांगा ना. तिथल्या लोकायले उठवतो मी."

मामांनी पाय रोवले. बंदूक खांद्याला लावली. मला वाटलं आता झालं. माझ्या शेजारच्या बाईनं डोळे मिटून घेतले. काकाजींनी गाणाऱ्याला बाजूला केलं, मान ताठ केली आणि अकोल्याच्या स्थानकावर गाडी रद्द झाल्यावर लावत असतील तो सूर लावला.

"सर्व वऱ्हाडी मंडळींना सूचना. मामासाहेब हवेत बार काढणार आहेत. छर्रे खाली कोठे येतील, याची माहिती उपलब्ध नाही. तरी गच्चीवरील, ओट्यावरील आणि मांडवातील सर्वांनी ताबडतोब घरात जावे. आईने लेकरू घ्यावे, मग चप्पल घ्यावी. नाचणाऱ्यांनीसुद्धा जावे. बँडवाल्यांनी ढोलाखाली बसावे."

आधी गच्ची रिकामी झाली. मग ओटे. नाचणारी पोरं एकमेकांकडे पाहत मांडवात शिरली, मांडवातली माणसं घरात शिरली. बँडवाले ढोल डोक्यावर घेऊन गाडीमागं बसले. घोडेवाल्यानं लगाम धरला आणि नवरदेवासकट घोडा पार कडुनिंबाखाली नेऊन उभा केला. नवरदेव तिथून ओरडत होता, "मामा, राहू द्या ना!" आणि रस्त्याच्या मधोमध, हार घातलेली बंदूक खांद्याला लावून, मामा एकटेच उरले. ज्यांना दाखवायचं ते कुणीच समोर नव्हतं.

तेवढ्यात नवरीची आई ताट घेऊन दारात आली. एरवी कुणापुढं न बोलणारी बाई. म्हणाली, "ताट तयार हाय, मामासाहेब. पहिले थी बंदूक गाडीत ठेवा. मंग ओवाळतो नवरदेवाले."

मामांनी एकदा रिकाम्या गच्चीकडे पाहिलं. मग त्यांनी बंदूक उघडली, काडतुसं काढून खिशात टाकली आणि बंदूक स्वतः नेऊन जीपमध्ये कुलूपबंद केली. माइकवरून आवाज आला, "मार्ग मोकळा झालेला आहे. घोडा फलाटावर येत आहे." सगळी गल्ली पुन्हा बाहेर आली आणि अशी नाचली की मांडवाचा एक खांब कलला.

जेवणाच्या पंगतीत मामा काकाजींच्या पुढ्यात येऊन म्हणाले, "तुमाले पाहून घेतो मी."

"घ्या ना. पहिले वरन घ्या," काकाजी म्हणाले.

पण मामांनी खरंच पाहून घेतलं. आठवड्याच्या आत ठाण्यात तक्रार गेली. हा माणूस गावाला शहाणपण शिकवतो, याची स्वतःची बंदूक कुणी पाहिली आहे का? ती याच्याजवळ नाहीच, कुणाला तरी देऊन बसला आहे. ठाणेदारांना काकाजींबद्दल प्रेम होतं, पण तक्रार म्हणजे तक्रार. त्यांनी निरोप पाठवला, संध्याकाळपर्यंत बंदूक आणून दाखवा, नाहीतर परवाना निलंबित करण्यासाठी वर लिहावं लागेल.

"त्यात काय," काकाजी म्हणाले आणि किल्ली आणायला गेले.

बाहेरच्या दाराची किल्ली तुळशीच्या कुंडीत सापडली. कपाटाची किल्ली सापडेना. गव्हाची कोठी उपसून झाली. घड्याळ उतरवून झालं. शिवणयंत्र उघडून झालं. मी माझ्या बरण्या उचलून दाखवल्या. काकूंनी डाळीच्या डब्यात हात घालून घालून पाहिलं, मग सगळ्या डाळी परातीत ओतल्या आणि रागानं पुन्हा डब्यात भरल्या. त्या भरात हरभऱ्याची आणि तुरीची एकत्र झाली.

"आठवा ना जी, कुठं ठेवली!"

"मलेच आठवली तर चोराले नाही आठवनार का?" काकाजी ओरडले. पण त्यांचा चेहरा पडला होता. परवाना गेला तर गेला, पण गावभर काय होणार ते त्यांना दिसत होतं. आणि लेकीच्या कानावर गेलं तर ती काय म्हणेल, तेही.

मी म्हटलं, "कुलूपवाल्याला बोलावू या ना घरी."

"मॅडम!" त्यांना धक्काच बसला. "परवाना नसलेल्या मानसाच्या हातानं माह्या बंदुकीचं कपाट उघडायचं? पोलिसाच्या माघारी? मंग मी बाजारात कोनत्या तोंडानं बोलू?" ते थोडा वेळ कपाटाकडे पाहत राहिले. मग मूठ तोंडाशी गेली. "कपाट ठाण्याकडे रवाना होत आहे."

शेजारच्या भाजीवाल्याचा ठेला होता. त्यानं मेथीच्या जुड्या एका कडेला सरकवल्या आणि गल्लीतल्या माणसांनी कपाट आडवं करून ठेल्यावर चढवलं. काकूंनी त्याच्यावर चादर टाकली, कारण उघडं नेलं तर बरं दिसत नाही. चादर टाकल्यावर ते जास्तच वाईट दिसायला लागलं. वाटेत दोघांनी टोप्या काढल्या.

"कोन गेलं जी?"

"कोनी नाही गेलं! कपाट हाय!" काकाजी म्हणाले आणि समोरून भोंग्याचा ऑटो येताना दिसताच त्यांनी तो थांबवून माइक हातात घेतला. "लक्ष द्या. चादरीखाली मयत नसून लोखंडी कपाट आहे. कपाटात बंदूक आहे. बंदुकीत काडतूस नाही. किल्ली मिळत नाही. सर्वांनी आपापल्या बंदुका अशाच ठेवाव्यात. किल्लीबाबत मात्र थोडे वेगळे करावे."

मागं माणसं जमत गेली. शाळेतली माझी मुलं आली. मोची काका आले. गर्दी पाहून भाजीवाला कपाट ढकलता ढकलता मेथी विकायला लागला, आणि ठाण्यापर्यंत त्याची मेथी संपली. प्रत्येकाच्या हातात मोबाइल, प्रत्येकजण व्हिडिओ काढत होता.

ठाण्याच्या पायरीवर ठाणेदार येऊन उभे राहिले. आत बाकावर मामा पाय पसरून बसले होते.

"मी बंदूक आणा म्हणालो होतो," ठाणेदार म्हणाले.

"आनली ना साहेब. आत हाय."

"आत कशी आहे हे मला कसं कळणार?"

"म्हून तं कपाट आनलं. तुमच्यापुढं उघडतो. पंचनामा करा, नाही तर आरती करा."

मामा हसले. "कपाट रिकामं हाय, साहेब. नाटक हाय सारं."

कुलूपवाला आला. त्यानं तारा घातल्या, कान लावला, घाम पुसला. हातोडा मागवला. हातोड्याचा दांडा निसटून पडला. दुसरा कुलूपवाला अकोटहून मोटरसायकलवर आला, त्यानं पहिल्याला नावं ठेवली आणि मग तोही तसाच घाम पुसत बसला. ठाणेदारांनी स्वतः एकदा हँडल ओढून पाहिलं. दोन शिपायांनी मिळून ओढलं. शेवटी मामा उठले, बाह्या सरसावल्या आणि म्हणाले, "सरा तिकडं," पण कपाटानं त्यांचंही ऐकलं नाही. ओढता ओढता त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याची शिवण खांद्यावर फाटली. गर्दीतून कुणीतरी शिट्टी मारली.

अखेर गॅस कटरवाला आणून कोयंडा कापावा लागला. दार उघडलं. आत बंदूक होती. काकूंच्या जुन्या नऊवारीत गुंडाळलेली, तेल लावलेली, रिकामी. ठाणेदारांनी ती उघडून उजेडाकडे धरली, दोन्ही नळ्यांतून पलीकडचं दिसत होतं. नंबर परवान्याशी जुळला. आणि बंदुकीच्या शेजारी, आतल्या खिळ्याला, कपाटाची किल्ली लटकत होती. ते कुलूप दाबलं की लागणारं होतं. मागच्या वेळी तेल द्यायला उघडलं तेव्हा काकाजींनी किल्ली खिळ्याला अडकवली, दार लावलं आणि कुलूप दाबलं.

सगळं ठाणं त्या किल्लीकडे पाहत राहिलं.

काकाजींनी घसा साफ केला. "किल्ली," ते म्हणाले, "सर्वांत सुरक्षित ठिकाणी आढळली आहे."

ठाणेदार इतके हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली. तक्रार तिथंच निकालात निघाली आणि कटरवाल्यानं कपाटाला नवा कोयंडा जोडून दिला. मामा फाटक्या खांद्यावर उपरणं टाकून मागच्या दारानं गेले.

तो व्हिडिओ कुठल्या कुठं गेला. मोझरीला माझी मावसबहीण असते, तिनं तो मला पाठवला आणि विचारलं, "हे तुझ्या गावचे का गं?" चांदूर रेल्वेलाही तो पोचला. रविवारी लेकीचा फोन आला. फोन लागल्यावर बराच वेळ ती बोलेचना, नुसती हसत होती. काकाजी फोन डोळ्यांजवळ धरून विचारत होते, "रडून राहिली का हसून राहिली? आवाज फुटून राहिला."

"बाबा," ती शेवटी म्हणाली, "जे ठाणेदाराले उघडता नाही आलं, थे माह्या पोरीले काय उघडनार हाय? येतो आमी सुट्टीत."

त्यांनी मूठ तोंडाशी नेली. आम्ही वाट पाहिली. पण काही पुकारा झाला नाही. ते उठून मोरीत गेले आणि खूप वेळ तोंड धूत राहिले. काकूंनी मला खुणेनं सांगितलं, जाऊ दे.

सुट्टीत नात आली. उंच झालेली, समोरचे दात पडलेले. दिवसभर ओट्यावर आजोबांच्या शेजारी बसून तीही मूठ तोंडाशी धरून गल्लीला सूचना देत असे, आणि दात नसल्यामुळे त्यातलं निम्मं कुणालाच कळत नसे.

त्याच सुट्टीत एका सकाळी मामा आले. जीप त्यांनी कोपऱ्यावरच उभी केली होती. ओट्याजवळ येऊन मला हळू आवाजात म्हणाले, "काकाजी हायेत का?" मी त्यांना आत नेलं. ते खुर्चीच्या काठावर बसले. एवढा मोठा माणूस, पण हात कुठं ठेवावे ते त्यांना सुचत नव्हतं.

"नातवानं काढली," ते म्हणाले. "दिवानाखालून. मी तिथंच ठेवत असतो, हाताशी. पोरगं अंगनात घेऊन आलं अन् आजीकडं धरून म्हने, ठो."

"भरेल होती?" काकाजींनी विचारलं.

मामांनी होकाराची मान हलवली. "चाप त्याच्या बोटाले जड गेला. तेवढंच." मग खाली पाहत म्हणाले, "सून लेकरू घेऊन माहेरी गेली. म्हने, कुठं ठेवता थे पहिले दाखवा. मले, काकाजी... मले कसं ठेवायचं थे सांगा."

बाहेर ओट्यापाशी भाजीवाला उगाच ठेला पुसत उभा होता. समोरच्या दोन खिडक्या उघडल्या होत्या. मोची काका काम थांबवून बसले होते. जीप कोपऱ्यावर ठेवून काही उपयोग झाला नव्हता, सगळ्या गल्लीचे कान आमच्या खोलीकडे होते. मी काकाजींच्या हाताकडे पाहिलं. मला बाजारातली म्हातारी आठवली.

काकाजी उठले. त्यांनी खिडकी लावून घेतली, दार लोटलं, खुर्ची मामांच्या खुर्चीला भिडवली आणि त्यांच्या कानाशी वाकून बोलायला लागले. मी दोन हातांवर उभी होते, पण मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मामा मान डोलावत होते. मध्येच त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. काकाजींनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि आणखी खाली वाकून बोलत राहिले.

घरात इतकी शांतता झाली की स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं. काकू पिठाचे हात घेऊन धावत बाहेर आल्या. घाबरल्या होत्या.

"काहून जी, काय झालं?" त्या म्हणाल्या. "घसा बसला का तुमचा?"